कोळशातून काय उतरतं, काय उतरत नाही

दोन परीक्षानळ्या. दोन्हींत चिमूट-चिमूट दगडी कोळशाची पूड, एकाच ढेकळाची. पहिलीत हेक्झेन ओतलं, दुसरीत पिरिडीन; दोन्ही द्रावक, म्हणजे पदार्थ विरघळवणारी द्रवं. तासाभरानं पाहिलं तर हेक्झेन जवळजवळ पाण्यासारखं नितळ, फार तर किंचित पिवळसर. पिरिडीन मात्र काही मिनिटांतच कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी इतकं काळपट की नळीमागे धरलेलं बोट दिसत नाही. कोळशाचं रसायनशास्त्र कुणाला समजावून सांगायचं झालं की मी याच दोन नळ्यांपासून सुरुवात करते. ‘कोळसा म्हणजे कार्बन’ हे शाळेत पक्कं बसलेलं वाक्य त्या दुसऱ्या नळीसमोर टिकत नाही. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखा तो नुसताच कार्बन असता, तर पिरिडीनला रंग चढलाच नसता.

राख आणि ओल बाजूला ठेवली तर बिटुमिनस, म्हणजे मध्यम पिकलेल्या, जातीच्या कोळशाच्या शंभर भागांत साधारण ८० ते ८५ भाग कार्बन असतो, पाचेक भाग हायड्रोजन, आणि उरलेल्यात ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक. पण ही झाली नुसती मोजदाद. हे अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत, यात खरी गोष्ट आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यातला कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना. भारत ज्याचा भाग होता त्या प्राचीन महाखंडावर, म्हणजे गोंडवन भूमीवर, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतींची दलदलीतली रानं होती. त्यांची पानं, खोडं, बीजाणू, राळ, त्यांना कुजवणाऱ्या बुरशा आणि जिवाणू, हे सगळं गाळाखाली दाबलं गेलं आणि शिजत राहिलं. त्यातून आज उरलंय ते एक गुंतागुंतीचं जाळं आहे. दोन-दोन, तीन-तीन, पाच-पाच बेन्झीन वलयं एकमेकांना चिकटून झालेले चपटे तुकडे, त्यांना जोडणारे छोटे पूल, आणि जाळ्याच्या पोकळ्यांत अडकून बसलेले सुटे लहान रेणू. हे सुटे रेणू म्हणजे पानांवरच्या मेणाचे, राळेचे, जिवाणूंच्या पेशीपटलांचे अवशेष.

या जाळ्यात दोन तऱ्हेचे बंध असतात. काही पक्के, दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले. बाकीचे सैल: हायड्रोजन बंध, किंवा चपटे तुकडे पत्त्यांसारखे एकावर एक बसल्यामुळे लागलेली ओढ. आग लावली किंवा भट्टीत हवेविना तापवलं की दोन्ही तुटतात आणि तुटलेल्या तुकड्यांतून नवेच रेणू बनतात. म्हणून ‘कोळशात डांबर असतं’ हे म्हणणंही बरोबर नाही. कोक, म्हणजे पोलादासाठी लागणारा भाजलेला कोळसा, बनवण्याच्या भट्टीतून मिळणारं डांबर बव्हंशी त्या उष्णतेत तयार होतं. द्रावक पक्क्या बंधांना हात लावत नाही. तो सैल बंध सोडवतो आणि जे सुटू शकतं ते जसं आहे तसं बाहेर आणतो. कोळशात मुळात काय आहे हे न मोडता पाहायचं, तर द्रावकाला पर्याय नाही.

कुठला द्रावक काय उचलेल, हे कळायला स्वयंपाकघर पुरतं. तिखट नुसत्या पाण्यात कालवलं तर पाणी गढूळ होतं, पण लाल होत नाही. तेच गरम तेलात पडलं की तेल लालबुंद होतं, आणि रश्श्यावर तर्री म्हणून तरंगतं. मिरचीचा रंग तेलकट स्वभावाचा, म्हणून त्याला तेल जवळचं. हेक्झेन हे असंच साधं, तेलकट स्वभावाचं द्रव. ते कोळशातली मेणासारखी द्रव्यं उचलतं आणि थांबतं. टोल्युइन आणि डायक्लोरोमिथेन त्याहून अधिक उचलतात, त्यांत वलयं असलेले रेणूही येतात. पिरिडीनची गोष्ट वेगळी. त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. कोळशातले ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पिरिडीन मधे शिरतं आणि त्यांना आपल्याशी जोडून घेतं. तशी जाळ्याची वीण सैल होते आणि कोळशाचा कण चक्क फुगतो, काही कोळशांचा तर दुपटीच्या आसपास. वीण सैल झाली की आत कोंडलेल्यांना वाट मिळते. फुगणं आधी, उतरणं मग. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण अर्क कमी आला याचा अर्थ आत काही नव्हतं असा होत नाही. दार उघडलं नव्हतं, असाही होऊ शकतो.

पिरिडीनचा हा गुण १८९९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रसायनतज्ज्ञ बेडसन यांनी दाखवला. पुढे रिचर्ड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून कोळशाची वाटणीच केली. पिरिडीनमध्ये न उतरणारा भाग अल्फा. पिरिडीनमध्ये उतरणारा पण क्लोरोफॉर्ममध्ये न उतरणारा बीटा. दोन्हींत उतरणारा गॅमा. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं: अल्फा आणि बीटा लाकडाच्या सेल्युलोजपासून आले, गॅमा राळेपासून. हे पाऊल घसरलं. कुठला भाग कशात विरघळतो यावरून तो कुठून आला हे ठरत नाही. चिंचेचा कोळ आणि गूळ दोन्ही पाण्यात उतरतात म्हणून ते एका झाडाचे होत नाहीत.

याच व्हीलर यांच्याबरोबर १९१८ मध्ये कोळशाच्या घडणीवर ग्रंथ लिहिणाऱ्या मेरी स्टोप्स यांनी दुसरी वाट धरली. कोळसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातल्या घटकांना नावं द्यायची, ही त्यांची पद्धत. अशा घटकासाठी ‘मॅसरल’ हा आजही रोज वापरला जाणारा शब्द त्यांचाच, १९३५ मधला. मराठी वाचकांना स्टोप्स ठाऊक असतील त्या संततिनियमनासाठी. त्यांनी लंडनमध्ये दवाखाना उघडला १९२१ साली, आणि त्याच साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी आपलं केंद्र सुरू केलं. कोळशाच्या प्रयोगशाळेत मात्र स्टोप्स यांचं नाव मॅसरलमुळेच रोज निघतं. सूक्ष्मदर्शक दाखवतो तो घटक कुठला. द्रावक सांगतो त्याच्या आत काय. दोन्ही लागतात.

आता प्रत्यक्ष काम. कोळसा दळायचा, चाळायचा, वाळवायचा आणि जाड गाळणकागदाच्या टोपणात, म्हणजे थिंबलमध्ये, भरायचा. ते थिंबल बसतं सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये ते मांडलं ते दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी. खाली चंबूत द्रावक उकळतो. वाफ बाजूच्या नळीनं वर जाते, कंडेन्सरमध्ये गार होते आणि थेंबथेंब कोळशावर पडते. कोळशाचा कप्पा भरत येतो; द्रव ठरावीक पातळीला पोचला की शेजारच्या वाकड्या बारीक नळीतून सगळा एकदम खाली जातो. पिंपातलं रॉकेल रबरी नळीनं ओढून काढतात ना, तेच तत्त्व. खाली गेलेला अर्क चंबूतच राहतो, वर पुन्हा जाते ती फक्त द्रावकाची शुद्ध वाफ. म्हणजे कोळशाला दर फेरीत कोराच द्रावक मिळतो. हे चोवीस तास, कधी बहात्तर तास चालतं. रात्री रिकाम्या प्रयोगशाळेत तो द्रव गुडगुड करत खाली उतरण्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही.

चंबूत तांब्याचे स्वच्छ घासलेले तुकडे टाकून ठेवतात. कोळशात सुटं गंधक असेल तर ते अर्काबरोबर येतं आणि पुढच्या तपासणीत घोटाळा करतं. तांबं त्याला धरून ठेवतं आणि स्वतः काळं पडतं. शेवटी द्रावक उडवून लावायचा आणि जे उरलं त्याचं वजन करायचं. डायक्लोरोमिथेननं काढलेला अर्क बहुतेक वेळा शंभर ग्रॅम कोळशामागे एक-दोन ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी भरतो.

द्रावक निवडताना नुसती ताकद पाहून चालत नाही. बेन्झीन एकेकाळी सर्रास वापरलं जायचं. ते कर्करोगकारक आहे हे पक्कं झाल्यावर मागे पडलं. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतं आणि शंभर अंशांच्या आसपासच्या गरम पृष्ठभागावर ठिणगीविना पेटतं. एन-मिथाइल पायरोलिडोन, ज्याला सगळे एनएमपी म्हणतात, ते २०२ अंशांना उकळतं, म्हणून अर्कातून पुरतं निघून जायला तयार नसतं. ते थोडं जरी मागे राहिलं तरी अर्काचं वजन फुगतं आणि आकडा खोटा होतो. जुन्या निबंधांत अर्काचं प्रमाण फारच चांगलं दिसलं की मी आधी द्रावक कसा उडवला ते वाचते.

अर्क म्हणजे अजून काढाच. त्यात शेकडो द्रव्यं एकत्र. मग सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून तो टप्प्याटप्प्यानं उतरवतात. आधी हेक्झेननं संपृक्त हायड्रोकार्बन निघतात, मग हेक्झेन-डायक्लोरोमिथेनच्या मिश्रणानं वलयांची द्रव्यं, शेवटी मिथेनॉलनं ऑक्सिजन-नायट्रोजनवाली चिकट द्रव्यं. पहिले दोन भाग जातात जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रात. त्यात ३० मीटर लांबीची, पाव मिलिमीटर पोकळीची काचेसारखी नळी भट्टीत गुंडाळून ठेवलेली असते. भट्टीचं तापमान सावकाश चढत जातं, हेलियम वायू रेणूंना पुढे ढकलतो, आणि हलके रेणू आधी, जड नंतर असे एकेक करून बाहेर पडतात. बाहेर पडताच इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन ते फुटतात. कुठला रेणू कसा फुटतो हे ठरलेलं असतं, म्हणून तुकड्यांच्या वजनांवरून मूळ रेणू ओळखता येतो.

इथे मला माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पातली गोष्ट सांगायची आहे. माझ्या अर्कात एक उंच, देखणं शिखर आलं होतं, १४९ वजनाच्या तुकड्याचं. कोळशात असं काही असल्याचं कुठल्याच निबंधात सापडेना, आणि मी दोन दिवस काहीतरी नवं हाती लागलंय या समजुतीत होते. आमच्या बाईंनी एवढंच विचारलं, ‘कोरी फेरी घेतलीस का?’ कोरी फेरी म्हणजे कोळसा न भरता, रिकाम्या थिंबलनं केलेलं तेच सगळं काम. ती घेतली आणि शिखर तिथेही तसंच उभं. तो थॅलेट होता, प्लास्टिक मऊ करायला घालतात तो. माझा द्रावक ज्या प्लास्टिकच्या नळीतून आला होता तिच्यातून तो उतरला होता. द्रावकाला कोळसा आणि नळी यांत फरक कळत नाही. तेव्हापासून कोऱ्या फेरीशिवाय आलेल्या कुठल्याच आलेखावर माझा विश्वास बसत नाही.

बरं, हे एक-दोन टक्के तपासून कळतं काय? पुष्कळ. पानांवरचं मेण घ्या. वनस्पती मेदाम्ल बनवतात ती दोन-दोन कार्बन जोडत, म्हणून त्यांत कार्बन सम संख्येत असतात. मेण करताना एक कार्बन गळतो आणि साखळी विषम होते: २७, २९, ३१. ताज्या पानात आणि तरुण लिग्नाइटमध्ये, म्हणजे कमी पिकलेल्या तपकिरी कोळशात, या विषम साखळ्यांची शिखरं सम साखळ्यांच्या कितीतरी वर दिसतात. कोळसा जसजसा खोल आणि गरम होत जातो तसतसा साखळ्या तुटून, नव्या मिसळून हा चढउतार सपाट होतो. नुसत्या आलेखाच्या दात्यांवरून कोळसा किती शिजलाय याचा अंदाज येतो. हिरव्या पानातल्या क्लोरोफिलला वीस कार्बनचं एक शेपूट असतं. गाळात ऑक्सिजन मिळाला तर त्यातून मुख्यतः एकोणीस कार्बनचं प्रिस्टेन होतं, न मिळाला तर वीस कार्बनचं फायटेन. जमिनीवरच्या वनस्पतींपासून झालेल्या कोळशांत बहुधा प्रिस्टेन कितीतरी पटींनी जास्त निघतं.

आणि होपेन. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल जे काम करतं, ते अनेक जिवाणूंत होपेनच्या कुळातले रेणू करतात. जिवाणू मेले, कुजले, दगड झाले, तरी या रेणूचा पाच वलयांचा सांगाडा टिकला. स्ट्रासबुर्गच्या गी उरिसाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगभरच्या गाळखडकांत इतक्या ठिकाणी दाखवला की पृथ्वीवरचं सर्वांत विपुल नैसर्गिक द्रव्य हेच असावं का, असा प्रश्न त्यांनी मांडला. या रेणूच्या शेपटीत एक जागा अशी आहे की ती उजव्या किंवा डाव्या हातमोज्यासारखी दोन तऱ्हांनी मांडता येते. जिवाणू फक्त एकाच तऱ्हेची बनवतात. जमिनीखालच्या उष्णतेत काही रेणू दुसऱ्या तऱ्हेत उलटतात, आणि शेवटी दुसऱ्या तऱ्हेचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. त्या मोजपट्टीवर आपला नमुना कुठे आहे हे पाहिलं की तो किती तापला होता ते कळतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोल जमिनीत कोणी तापमापक ठेवला नव्हता. हा रेणूच तापमापक झाला.

अशा रेणूंच्या साक्षीनं किती मोठं विधान करता येतं, याचं जवळचं उदाहरण गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत आहे. हा लिग्नाइट ५ कोटी वर्षांहून थोडा जुना. त्याच्याबरोबर अंबर, म्हणजे जीवाश्म झालेली राळ, हाही सापडतो, आत किडे असलेला. लिग्नाइटच्या अर्कात आणि अंबरात बायकॅडिनेन या कुळातली द्रव्यं मिळाली, आणि ती ओळखली जातात डिप्टेरोकार्प वृक्षांच्या राळेची खूण म्हणून. आपला साल वृक्ष त्याच कुळातला, आणि घरात धुपाला घालतात ती राळही त्याचीच. आज या कुळाचं मुख्य राज्य आहे आग्नेय आशियाच्या पावसाळी रानांत. पण ५ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा तुकडा आशियाला भिडत होता त्या सुमारास, हे वृक्ष इथे होते. म्हणजे ते इथून तिकडे पसरले असावेत, असा निष्कर्ष पवईच्या आयआयटीतल्या भूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडला. खाणीतून निघालेल्या काळ्या ढेकळातून एका वृक्षकुळाचा प्रवास!

या साऱ्यात उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. पुष्कळ वर्षं असं मानलं गेलं की ते एकच प्रचंड, पक्क्या बंधांनी विणलेलं जाळं आहे आणि त्यातून अधिक काही सुटणार नाही. १९८० च्या दशकात जपानच्या तोहोकू विद्यापीठात मासाशी ईनो यांच्या गटानं कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी समभाग मिसळून, कुठलीही उष्णता न देता, काही बिटुमिनस कोळशांतून निम्म्याहून जास्त सेंद्रिय भाग उतरवून दाखवला. दोघांपैकी एकट्याला ते जमत नाही. पुढे त्यांनी टीसीएनई नावाचं एक द्रव्य अगदी थोडं मिसळलं, तेव्हा अमेरिकेतल्या अपर फ्रीपोर्ट कोळशाचा अर्क ६० टक्क्यांच्या आसपासून ८५ टक्क्यांच्या आसपास गेला. चिमूटभर द्रव्यानं पक्के बंध तुटणं शक्य नव्हतं. मग जे जाळं वाटत होतं त्यातला मोठा भाग सैल बंधांनीच धरलेला असणार. हे सगळ्या कोळशांना लागू नाही. अँथ्रासाइट या सर्वांत पिकलेल्या कोळशातून कुठलाही द्रावक जवळपास काहीच काढत नाही, आणि आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कमी पिकलेल्या कोळशातूनही अपर फ्रीपोर्टइतका अर्क मिळत नाही. तरी पाठ्यपुस्तकातली कोळशाची आकृती या कामामुळे बदलावी लागली.

काय उतरतं ते द्रावकावर ठरतं, ही गोष्ट उलट्या बाजूनंही लक्षात ठेवावी लागते. कोळशाच्या धुळीत कर्करोगकारक बहुवलयी द्रव्यं किती, हे मोजायला प्रयोगशाळेत दमदार द्रावक वापरतात. खाणीजवळ राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात किंवा विहिरीच्या पाण्यात डायक्लोरोमिथेन नसतं. न जळलेल्या कोळशातली ही द्रव्यं बरीचशी जाळ्यात घट्ट अडकलेली असतात आणि पाणी त्यातलं फार थोडं सोडवतं. म्हणून धूळ निर्धोक ठरत नाही. तिच्या बारीक कणांनी आणि त्यातल्या खनिजांनी फुफ्फुसं निकामी होतात, तो वेगळाच आजार. पण ‘एवढं द्रव्य निघालं’ आणि ‘एवढं द्रव्य अंगात गेलं’ ही दोन वाक्यं एक नाहीत, आणि बातम्यांत ती सर्रास एक होतात.

डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, बोस्निया, क्रोएशिया, सर्बिया, बल्गेरिया, रुमानियातल्या ठरावीक गावांत पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार होता. १९९० च्या दशकात एक तर्क पुढे आला: जवळच्या तरुण लिग्नाइटमधून सेंद्रिय द्रव्यं झिरपून विहिरींच्या पाण्यात येतात. पाण्यात अशी द्रव्यं सापडलीही. पण पुढे पुराव्याचं पारडं झुकलं ते गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या एका तणाकडे. आपल्याकडच्या सापसंदाच्याच जातकुळीतलं हे तण. त्याच्या बिया गव्हाबरोबर दळल्या जात आणि त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल भाकरीतून पोटात जाई. रुग्णांच्या मूत्रपिंडांत त्या आम्लाच्या खुणा डीएनएला चिकटलेल्या सापडल्या. लिग्नाइटमधून द्रव्यं उतरतात हे मोजमाप चुकीचं नव्हतं. त्यावरून काढलेला अर्थ चुकला.

विदर्भाच्या दृष्टीनं या विषयाचा आणखी एक धागा आहे, तो राखेचा. आपल्या गोंडवन कोळशात तीस-चाळीस टक्के राख निघणं नेहमीचं आहे. माती आणि खनिजं कोळशाच्या आत इतकी बारीक मिसळलेली असतात की पाण्यानं धुऊन ती पुरती सुटत नाहीत. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्यांना या राखेचा अर्थ सांगायला नको. मग खनिज काढण्याऐवजी कोळसाच काढून घेतला तर? जपानमध्ये ‘हायपरकोल’ नावाखाली हे करून पाहिलं गेलं: मिथाइल नॅफ्थॅलीनसारख्या तेलात, ३६० अंशांच्या आसपास, दाबाखाली सेंद्रिय भाग उतरवायचा, खनिज गाळून वेगळं करायचं, तेल परत मिळवायचं. मिळणाऱ्या कोळशात राख ०.१ टक्क्याहूनही कमी. भारतातही एनएमपी वापरून अशा शुद्धीकरणावर काम झालेलं आहे. अडतं ते द्रावकापाशी. टनामागे थोडा द्रावक जरी गाळात अडकून वाया गेला तरी हिशेब कोलमडतो, आणि वीज करायला जाळायच्या कोळशावर तेवढा खर्च कोणी करत नाही. पोलादासाठी लागणाऱ्या कोकची किंवा कार्बन धाग्यांसारख्या महाग वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. द्रावक पद्धतीला जागा मिळाली तर ती तिथे मिळेल, चंद्रपूरच्या बॉयलरमध्ये नाही.